दोन गट पडलेल्या मंडळीत नव्या पाळकानं काय करावं?

सलाम. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाळक म्हणून तुमची ही पहिलीच नेमणूक, आणि मंडळी खेड्यातली, साठेक कुटुंबांची. तुम्ही येण्याआधी चर्चच्या छताचे पत्रे बदलले गेले आणि त्या खर्चावरून कमिटीत दोन गट पडले. हिशेब 'पुढच्या सभेत दाखवू' असं म्हणत लांबत गेला. आता एका भावकीतली वडीलधारी माणसं उपासनेला येतात, पण प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, जागची उठत नाहीत. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तरुण पोरं एकमेकांच्या घरादाराचा उद्धार करतात. पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे आणि तिथे काय होईल या काळजीनं तुमची झोप उडाली आहे. तुम्ही विचारता की सभ्य वागण्या-बोलण्यावर उपदेशमाला घ्यावी, ग्रुप बंद करावा, की वाईट बोलणाऱ्यांवर शिस्तीची कारवाई करावी.

माझं मत विचाराल तर यातलं आत्ता काहीच करू नका. का, ते सविस्तर सांगतो. मी नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणतात तिथे, लहान मंडळ्यांचाच पाळक राहिलो. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये काय चालतं याबद्दल मी बोलणार नाही. पण पन्नास-साठ कुटुंबांच्या मंडळीत भांडण कसं लागतं, कसं मुरतं आणि कशानं निवळतं हे मी जवळून पाहिलं आहे.

तुम्ही हा सभ्यतेचा प्रश्न म्हणून मांडला आहे. लोक वाईट बोलतात हे खरंच आहे आणि ते थांबायलाही हवं. पण तुमच्याच मजकुरात हिशेब लांबत गेल्याचं वाक्य ओझरतं येऊन जातं. माझ्या मते दुखणं तिथे आहे. ज्या माणसाला सभेत सरळ प्रश्न विचारून सरळ उत्तर मिळत नाही, तो पारावर बोलतो. त्याचा मुलगा मग तेच ग्रुपवर लिहितो, आणि बापापेक्षा चार पट कडक लिहितो. तुम्ही पोराला गप्प केलंत तरी बापाचा प्रश्न शिल्लक राहतोच. शिवाय आता पाळकही त्यांच्याच बाजूचा निघाला, असं त्या घरात बोललं जाईल.

शहरात एखाद्याचं मन दुखावलं तर तो पुढच्या रविवारी दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन बसतो. खेड्यात त्याला तशी सोय नसते. ज्याच्याशी छतावरून वाजलं, त्याच्याच शेताला आपला बांध लागून असतो, त्याच्याच घरात आपली आत्या दिलेली असते आणि उद्या आपल्या घरी कुणी गेलं तर कबर खोदायला कुदळ घेऊन तोच यायचा असतो. म्हणून इथे बोललेला शब्द वीस-वीस वर्षं जिवंत राहतो. आणि म्हणूनच इथे समेटाला जागाही जास्त असते, कारण कुणीच कायमचं लांब जाऊ शकत नाही. या दोन्ही गोष्टी मनात धरून पुढचं वाचा.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. छताच्या खर्चात खरोखरच पैसे खाल्ले गेले असतील तर प्रेमानं समजूत काढण्याचा हा विषय राहत नाही. मंडळीचा पैसा आणि मालमत्ता सार्वजनिक न्यासाची असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली झाला, आधी त्याच्या नावात 'मुंबई' होतं. त्याप्रमाणे हिशेब ठेवणं आणि तो तपासून घेणं हे विश्वस्तांचं कायदेशीर कर्तव्य आहे. अशा वेळी धर्मप्रांताच्या कार्यालयाला लेखी कळवा आणि तपासणी होऊ द्या. दुसरं, या वादाच्या आड एखाद्या बाईवर किंवा लेकरावर झालेला अत्याचार दडलेला असेल, तर सभ्यता, क्षमा, मंडळीचं नाव यांतलं काहीही मध्ये आणायचं नाही. मुलांच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो पाळक का असेना. वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकाच्या खोलीत, बसून असली प्रकरणं मिटवायची नसतात. तिसरी गोष्ट तुमच्याबद्दलची. तुमची नेमणूक एका गटाच्या खटपटीनं झाली असेल किंवा तुमचं सोयरं त्यातल्या एका घरात असेल, तर ते सगळ्यांना ठाऊक असतंच. दुसऱ्या गटाकडे जाऊन ते आपल्या तोंडानं सांगा. तुम्ही सांगितलंत तर ती निव्वळ माहिती राहते, लपवलंत तर त्याचा आरोप होतो.

यातलं काही नाही, नुसता रखडलेला हिशेब आणि दुखावलेली मनं आहेत, असं धरून पुढे जातो.

पहिलं काम घरभेटी. हे तुम्हाला सेमिनरीत शिकवलंच असेल, पण भांडण चालू असताना घरभेट कशी करायची हे वेगळं शिकावं लागतं. सगळ्या साठ घरांना जा. फक्त भांडणाऱ्या घरी गेलात तर ती चौकशी वाटते. सगळीकडे गेलात तर नवे पाळकसाहेब ओळख करून घेताहेत, एवढंच होतं. वेळ लोकांच्या सोयीची धरा. आमच्याकडे दुपारी चारच्या सुमाराला, धारा काढायच्या आधी, माणूस जरा मोकळा असतो. कांदा काढणीच्या दिवसांत घरी कुणी सापडत नाही, तेव्हा सरळ शेतात जाऊन बांधावर बसावं. एका घरी जेवण झालं तर दुसऱ्या गटातल्या घरचा नुसता चहा पुरत नाही, हे ध्यानात ठेवा. तुमची मोटरसायकल कुणाच्या दारात किती वेळ उभी होती, हे गाव मोजत असतं.

भेटीत विषय तुम्ही काढू नका, तो निघतोच. निघाला की ऐकून घ्या. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात माणसानं ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असावं असं सांगितलं आहे, आणि घरभेटीसाठी मला त्याहून चांगली सूचना सापडलेली नाही. ऐकताना 'हो, बरोबर आहे' म्हणू नका, कारण संध्याकाळपर्यंत ते 'पाळकांनीही मान्य केलं' या रूपात परत येतं. 'तुम्हाला याचं वाईट वाटलं हे मला दिसतंय' एवढं म्हणा. समोरचा गैरहजर माणसाबद्दल फारच बोलायला लागला तर मी विचारतो, 'हे त्यांना सांगायला आपण दोघं जाऊ या का?' बहुतेक जण नको म्हणतात आणि बोलणं आपोआप सौम्य होतं. एखादा मात्र चला म्हणतो. तेव्हा लगेच उठावं, उद्यावर टाकू नये.

निरोप्या मात्र होऊ नका. 'त्यांना सांगा की…' अशी वाक्यं सुरू झाली की हात जोडून म्हणा, 'मी निरोप नेत नाही, पाहिजे तर तुम्हाला घेऊन जातो.' पाळकानं एकदा निरोप नेला की पुढे प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडी घातलं जातं.

निघताना स्तोत्र वाचून प्रार्थना करता तेव्हा त्या घराच्या गोष्टींसाठी करा. लेकीचं बाळंतपण, मुलाची परीक्षा, आटलेली विहीर, सासऱ्यांचा दमा. भांडण प्रार्थनेत घुसवू नका. 'हे प्रभू, या घरातल्या लोकांना क्षमा करण्याची बुद्धी दे' ही प्रार्थना ऐकणाऱ्याला टोमणा वाटते आणि डोळे मिटलेले असल्यामुळे त्याला उत्तरही देता येत नाही.

आता एक उदाहरण सांगतो. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गाव सांगत नाही. एका मंडळीत एक म्हातारे गृहस्थ वर्षभर प्रभुभोजनाला उठत नव्हते. कमिटीचं म्हणणं, त्यांना सेक्रेटरी व्हायचं होतं, ते जमलं नाही म्हणून रुसलेत. मी त्यांच्याकडे जात राहिलो. एके दिवशी त्यांनी गोठ्याच्या खुंटीवरची पिशवी काढली आणि आतून वर्गणीच्या जुन्या पावत्यांची चळत माझ्यापुढे ठेवली. नाताळ, हंगामाचा सण, मासिक वर्गणी, एकेका पावतीला टाचणी लावलेली. म्हणाले, 'सभेत मी कुंपणाच्या खर्चाबद्दल विचारलं, तर खजिनदार म्हणाला, आधी आपली वर्गणी भरा, मग विचारा. माझी नवी सून बायकांच्या बाजूला बसली होती.' बस, एवढंच होतं. कुंपणाचा हिशेब नंतर पाहिला तर चोख निघाला, एका पैशाचा घोळ नव्हता. पण त्या माणसाला सुनेदेखत थकबाकीदार ठरवलं गेलं होतं, आणि त्याच्या पावत्या गोठ्यातल्या पिशवीत होत्या.

मी खजिनदारांना एकट्याला गाठलं आणि पावत्या पाहिल्याचं सांगितलं. ते स्वभावानं वाईट नव्हते. त्या दिवशी चारी बाजूंनी प्रश्न येत होते आणि तोंडून निघून गेलं. ते लगेच म्हणाले, 'मी जाऊन त्यांची माफी मागतो.' मी म्हटलं, घरी तर जाच, पण बोललात सभेत, तेव्हा दुरुस्तीही सभेत व्हायला हवी. पुढच्या सभेत त्यांनी उभं राहून सांगितलं की अमुक यांची वर्गणी पूर्ण भरलेली आहे, मी त्या दिवशी चुकीचं बोललो, इतिवृत्तात तशी नोंद करावी. नोंद झाली, ती वाचून दाखवली गेली.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भावाचा दोष त्याला एकांतात दाखवायला सांगितलं आहे, हे आपण सगळेच सांगतो. त्याला मी माझ्या अनुभवातून एवढं जोडतो की दोष एकांतात दाखवावा, पण अब्रू चारचौघांत गेली असेल तर ती परतही चारचौघांतच द्यावी. खूप समेट अर्धवट राहतात ते इथे. अपमान पन्नास जणांसमोर होतो, माफी स्वयंपाकघरात मागितली जाते, आणि त्या पन्नास जणांच्या लेखी तो माणूस थकबाकीदारच राहतो. तुमच्या त्या भावकीतल्या वडीलधाऱ्यांना सभेत काय ऐकून घ्यावं लागलं होतं, ते शोधा. छताचा आकडा त्यानंतर.

उपदेशाबद्दल तुम्ही विचारलंत. लहान मंडळीत व्यासपीठावरून 'काही लोक' असं म्हणता येत नाही, कारण ते लोक कोण हे तिसऱ्या बाकावरच्या पोरालाही माहीत असतं. जिभेवर चार रविवार बोललात तर पहिल्या रविवारी दोन्ही गट 'आज त्यांना चांगलं सुनावलं' म्हणून खूश होतील आणि दुसऱ्या रविवारी दोघंही 'आपल्यालाच बोलले' म्हणून नाराज. त्यापेक्षा नेमलेले पाठ क्रमानं घ्या. जिभेचा विषय क्रमात येईल तेव्हा येईल, आणि तेव्हा कुणालाही तो आपल्यासाठी मुद्दाम काढला असं वाटणार नाही. मध्यस्थीच्या प्रार्थनेत मात्र दर रविवारी पाच-सहा कुटुंबांची नावं पाळीपाळीनं घ्या, यादीच्या क्रमानं. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्या आजारी आईसाठी 'आमेन' म्हणावं लागणं, ही फार हळू काम करणारी गोष्ट आहे, पण ती काम करते.

प्रभुभोजनाला न उठणाऱ्यांना त्याबद्दल विचारू नका, आणि त्यांच्यावर किंवा समोरच्यांवर प्रभुभोजन बंदीसारखी कारवाई तर करूच नका. जो मनात अढी धरून वेदीपाशी यायला कचरतो, त्यानं येशूचं वचन कदाचित आपल्यापेक्षा गंभीरपणे घेतलं आहे. दान वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं त्यात म्हटलं आहेच. तो बाकावर बसून राहतो याचा अर्थ त्याला अजून काहीतरी बोचतं आहे. ज्याला काही बोचतच नाही, त्याची काळजी मला जास्त वाटते.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगायची आहे. सभ्यता हा शब्द आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळदा वर बसलेल्यांच्या कामी येतो. ज्याच्या हातात चाव्या आणि पावतीबुक, तो शांतपणे बोलू शकतो. ज्याला उत्तर मिळत नाही त्याचा आवाज चढतो, आणि मग आवाज चढला म्हणून तोच असभ्य ठरतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतली कुरकुर लिहून ठेवली आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी 'कुरकुर करू नका, प्रेमानं राहा' असं सांगून विषय संपवला नाही. सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावून त्यांना सात माणसं निवडायला सांगितली, आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफनापासून निकलावापर्यंत सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्यातलीच माणसं वाटणीवर बसलेली दिसतात. तुमच्या मंडळीलाही हेच लागू करा. छताचा हिशेब तपासायला तक्रार करणाऱ्या गटातला एक माणूस घ्या, त्यांनी सुचवलेला, तुम्ही निवडलेला नव्हे.

याच्याच पोटात आणखी एक विषय आहे, तो कुणी कागदावर लिहीत नाही. आपल्या भागातल्या मंडळ्या मुख्यतः महार आणि मातंग समाजांतून उभ्या राहिल्या. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं, त्याला आता दोनशे वर्षं होत आली. तरीही वाद पेटला की 'ते कोण आणि आपण कोण' ही भाषा काही घरांत वर येते, आणि लग्नं जुळवताना तर न बोलताही येते. तुमच्या दोन गटांची विभागणी या रेषेवर पडली आहे का, हे डोळे उघडे ठेवून पाहा. बाकी सगळ्या बाबतीत पाळकानं मधोमध उभं राहावं, पण इथे राहू नये. कमिटीत, ग्रुपवर किंवा लग्नाच्या मांडवात कुणी कुणाची पूर्वीची जात काढली, तर त्याच जागी, आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा की हे या मंडळीत चालणार नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुप बंद केलात तर दुसऱ्या दिवशी दोन ग्रुप निघतील, आणि त्यांतल्या एकातही तुम्ही नसाल. तो फक्त सूचनांसाठी ठेवा. उपासनेची वेळ, कोण आजारी आहे, कुणाचा दफनविधी कधी. फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सोय त्यात असते, ती करताना अॅडमिन दोन्ही गटांतले ठेवा. आणि स्वतःपुरता एक नियम पाळा, मी तो कसोशीनं पाळतो: रात्री आलेल्या रागाच्या मजकुराला रात्री उत्तर द्यायचं नाही, आणि सकाळी द्यायचं तेही लिहून नाही, घरी जाऊन. ज्या मुलानं सगळ्यात वाईट लिहिलं असेल त्याच्याकडे आधी जा. बहुधा तो ढोलकी वाजवणारा, नाताळात चांदणी बांधायला पत्र्यावर चढणारा मुलगा असतो. मंडळीची त्याला पर्वा आहे म्हणूनच तो चिडला आहे.

इथवर जे सांगितलं त्याचा रोख एवढाच की बोलणं सुधारायचं तर आधी ऐकून घेण्याची सोय उभी करावी लागते, आणि ती रविवारच्या दीड तासात उभी राहत नाही. आठवड्यातल्या बाकीच्या दिवसांत राहते: सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात, एसटी स्टँडवर, दहाव्या वर्गाच्या निकालाच्या दिवशी, आणि सगळ्यात जास्त दफनविधीत. मयत झाली की दोन्ही गट येतात. तेव्हा तुम्ही कामं वाटून द्या. कबरीचं खोदकाम, पेटी, मंडप, लांबून येणाऱ्या पाहुण्यांचा चहा, हे सगळं सांगताना एका कामावर दोन्हीकडची माणसं घाला. भाषण करायचं नाही, नुसती कामं सांगायची. कुदळ-फावडं हातात असताना छताबद्दल कुणी बोलत नाही, आणि एकदा शेजारी उभं राहून माती ओढलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ग्रुपवर शिवी देणं जड जातं.

एकमत व्हायलाच हवं असा आग्रहही धरू नका. तुम्ही माझ्यासारखेच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असाल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. आपली ही मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एक झाली, सहा परंपरांची मिळून. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे चाळीस वर्षं. बाळाचा बाप्तिस्मा करायचा की माणूस मोठा होऊन स्वतः कबुली देईल तेव्हाच, या प्रश्नावर अँग्लिकन आणि बाप्टिस्ट यांचं एकमत तेव्हाही झालं नाही. शेवटी दोन्ही रीती मान्य करून एकत्र राहायचं ठरलं, आणि आजही एकाच मंडळीत दोन्ही चालतात. एवढ्या मोठ्या प्रश्नावर मतभेद ठेवून एका वेदीपाशी येता येतं, तर पत्रे कोणत्या दुकानातून घ्यायला हवे होते यावर दोन मतं राहिली म्हणून काही बिघडत नाही. हिशेब मात्र एकच असायला हवा.

माफीसाठी घाई नको, हे टिळकांच्या घरावरून शिकावं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या, आणि ते वेगळेपण वर्षानुवर्षं टिकलं. पुढे त्या एकत्र राहायला आल्या तरी त्यांचं सोवळंओवळं त्या पाळत होत्या आणि टिळक ते पाळू देत होते. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनानं. ज्यांची भजनं आपण दर रविवारी गातो, त्यांच्या घरात इतका धीर धरला गेला. तुम्हाला पुढच्या महिन्याच्या सभेपर्यंत सगळं हवं आहे. तेवढ्या वेळात हिशेब होऊ शकतो, मनं जुळतीलच असं नाही, आणि न जुळली तर त्याला तुमचं अपयश समजू नका.

तुमच्या स्वतःच्या बोलण्याबद्दल थोडं. आधीच्या पाळकांबद्दल कुणी काही काढलं तर एक अक्षर बोलू नका, चांगलंही नाही, कारण तेही कुणाच्या तरी बाजूचं ठरतं. तुमच्या पत्नीला, पाळकबाईंना, महिला मंडळात ओढलं जाईल. त्यांना काय सांगायचं आणि काय नाही हे दोघांनी आधी ठरवा. पगार रखडला तर तो विषय कमिटीत लेखी मांडा, कुणा एका दात्याच्या ओसरीवर नको. आणि गावातल्या इतरांशी तुम्ही कसे बोलता हे मंडळी पाहत असते. आमच्याकडे अखंड हरिनाम सप्ताह लागायच्या आधी मी स्वतः जाऊन सप्ताह कमिटीच्या लोकांना रविवारच्या उपासनेची वेळ सांगून येतो आणि त्यांच्या काल्याची वेळ विचारून घेतो. त्यांनी कर्ण्याचं तोंड रविवारी तेवढा वेळ दुसरीकडे वळवलेलं आहे, आणि काल्याच्या दिवशी आमचं भजन आम्ही सकाळी उरकलेलं आहे. कधी कुणी तावातावानं विचारायलाही येतं की इथे काय चालतं. त्याला मी बाकावर बसवतो, पाणी देतो आणि उपासना संपेपर्यंत थांबायला सांगतो. आपल्या मंडळीतली तरुण पोरं ते बघत असतात.

वार्षिक सभेबद्दल शेवटचं. सभेच्या दहा-बारा दिवस आधी छताचा हिशेब चर्चच्या फलकावर लावा, नुसती एकूण रक्कम नको. पत्रे, अँगल, मजुरी, वाहतूक, प्रत्येकाचं बिल आणि तारीख. दोन्ही गटांच्या एकेका माणसाच्या सह्या त्याखाली. शंका असतील त्या लेखी मागवा, निनावी घेऊ नका. सभेत आधी मागचं इतिवृत्त, मग हिशेब, मग निवडणूक, हा क्रम कुणी कितीही आग्रह केला तरी बदलू नका, आणि हिशेब मंजूर झाला नाही तर निवडणूक पुढे ढकलायला धर्मप्रांताची परवानगी आधीच विचारून ठेवा. बोलायची पाळी बायकांच्या बाजूनं सुरू करा. वर्गणी बऱ्याच घरांत त्याच बाजूला काढतात आणि प्रश्नही त्यांचे नेमके असतात. मूळ बिलं सापडत नसतील तर त्यावरून कमिटीत खल करत बसू नका. पत्रे ज्या दुकानातून आले तिथे दोन्हीकडचा एकेक माणूस सोबत घेऊन या आठवड्यातच जा. जीएसटीचं बिल झालं असेल तर दुकानदाराकडे त्याची नोंद असते आणि तो दुसरी प्रत काढून देतो.